गोळी बदलली तरी स्पॉटिंग पुन्हा तेच? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

दीड वर्षात मी एकामागून एक तीन गर्भनिरोधक गोळ्या घेऊन पाहिल्या आणि तिन्ही वेळा तेच झालं. पाळीला अजून दहा-बारा दिवस आहेत आणि कपड्यावर तपकिरी डाग. पहिली गोळी ‘मानवत नाही’ म्हणून सोडली, दुसरी मैत्रिणीला चालते म्हणून घेतली, तिसरी नवीन निघाली आहे असं ऐकलं म्हणून. एका रात्री वैतागून तिन्ही रिकामी पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि मोबाइलच्या उजेडात मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पहिल्यावर होतं: एथिनिलएस्ट्राडिओल ३० मायक्रोग्रॅम, लेव्होनॉरजेस्ट्रेल १५० मायक्रोग्रॅम. दुसऱ्यावर तेच, फक्त मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं, ०.०३ आणि ०.१५. तिसऱ्यावरही तेच, वर सात लोहाच्या गोळ्या. नावं तीन, रंग तीन आणि औषध एकच. दीड वर्ष मी एकच गोळी घेत होते आणि दर वेळी ‘ही तरी मानवेल’ अशी आशा धरून बसत होते.

बायकांमध्ये हा विषय निघाला की बोलणं ब्रँडच्या नावावरच अडतं. ‘ती घेऊ नकोस, वजन वाढतं’, ‘ही घे, हिने काही होत नाही.’ पण त्रास नावाने होत नाही, आतल्या औषधाने होतो, किंवा आपण गोळी कशी घेतो त्याने होतो. हे दोन आधी वेगळे केले नाहीत तर दहा पाकिटं बदलूनही डाग तिथेच राहतात.

पाकिटावर काय पाहायचं

रोज घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या दोन प्रकारच्या. एकीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असतात, तिला संयुक्त गोळी म्हणतात. दुसरीत इस्ट्रोजेन नसतंच, नुसतं प्रोजेस्टोजेन, म्हणजे मिनी पिल. आपली गोळी यातली कुठली हे आधी कळायलाच हवं, कारण चुकली तर काय करायचं याचे नियम दोन्हींचे वेगळे आहेत.

संयुक्त गोळीतलं इस्ट्रोजेन बहुतेक वेळा एथिनिलएस्ट्राडिओल असतं आणि त्याचं प्रमाण साधारण २०, ३० किंवा ३५ मायक्रोग्रॅम. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एनोव्हिड या पहिल्या गोळीत मेस्ट्रानॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं आणि प्रोजेस्टोजेन जवळपास १० मिलिग्रॅम. आधीच्या पिढ्यांतल्या बायका उलट्या आणि सुजेच्या गोष्टी सांगतात त्या खोट्या नाहीत. तेव्हाच्या गोळ्यांमध्ये औषधच कितीतरी जास्त होतं.

खरी विविधता प्रोजेस्टोजेनमध्ये आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि नॉरएथिस्टेरॉन ही जुनी, पुष्कळ वापरलेली. त्यांचा थोडा पुरुषी हार्मोनसारखा गुण असतो, म्हणून एखादीला पुरळ किंवा तेलकटपणा जाणवतो. डेसोजेस्ट्रेल आणि जेस्टोडीनमध्ये तो गुण कमी. ड्रोस्पिरेनोन आणि सायप्रोटेरोन उलट दिशेने काम करतात, म्हणून मुरुमं किंवा नको तिथे केस असतील तर डॉक्टर त्यांच्याकडे वळतात. ड्रोस्पिरेनोन शरीरातलं पाणीही थोडं बाहेर काढतं, पण त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा ब्लड प्रेशरची काही ठरावीक औषधं चालू असतील तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये.

मग गोळ्या मोजा. काही पाकिटांत २१ गोळ्या आणि नंतर ७ दिवस सुट्टी, काहींत २१ औषधाच्या आणि ७ बिनऔषधाच्या किंवा लोहाच्या, काहींत २४ आणि ४. सुट्टीत येतो तो रक्तस्राव म्हणजे नेहमीची पाळी नव्हे, हार्मोन थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटतं एवढंच. तो फार कमी आला किंवा एखाद्या महिन्यात आलाच नाही तरी कमी मात्रेच्या गोळ्यांवर असं होतं, कारण अस्तरच पातळ राहतं. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा आला नाही तर मात्र घरच्या घरी चाचणी करून टाका, मनात शंका ठेवून झोप घालवू नका.

डाग का पडतात: आधी घड्याळ

माझ्या डॉक्टरांनी मला गोळी बदलून दिली नाही. त्यांनी एक बॉलपेन काढलं आणि सांगितलं, महिनाभर गोळी काढली की त्या खळग्याशेजारी वेळ लिहायची. मला राग आला होता, कारण मी गोळी ‘रोज’ घेत होते. महिन्याअखेर स्ट्रिप पाहिली तर आठवडाभर रात्री १०, शनिवारी रात्री १ वाजता, रविवारी विसरून सोमवारी सकाळी ८. आणि डाग बुधवारी. पुढच्या दोन आठवड्यांत हेच, जवळजवळ दिवसाबरहुकूम.

एवढ्याशा उशिराने संयुक्त गोळीचं संरक्षण जात नाही, पण हार्मोनची पातळी खाली-वर झाली की पातळ अस्तर कुठेतरी सुटतं आणि डाग पडतात. मी रात्रीची वेळ सोडून सकाळी दात घासायच्या वेळेला गोळी बांधली, ब्रश आणि स्ट्रिप एकाच कपात. दुसऱ्या महिन्यात डाग एकाच दिवशी आले, तिसऱ्यात आलेच नाहीत. गोळी तीच, ३० आणि १५०.

त्यामुळे डाग पडत असतील तर माझा क्रम असा आहे. गोळी सुरू करून किंवा खरोखर वेगळी गोळी घ्यायला लागून तीन महिने झालेत का? झाले नसतील तर थांबा. पहिल्या तीन महिन्यांत डाग पुष्कळ जणींना पडतात आणि आपोआप कमी होतात. या काळात गोळी मध्येच सोडायची नाही. डाग दिसले म्हणून दोन दिवस बंद केली की रक्तस्राव वाढतो आणि दिवस राहण्याची शक्यताही. आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊनही उपयोग नाही, मळमळ तेवढी वाढेल.

तीन महिने उलटून गेले आणि वेळही पाळली जाते, तरी डाग आहेत? मग इतर औषधं आठवा. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, उदासीसाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, ही यकृताला गोळी लवकर संपवायला लावतात. डाग ही तिथे वरवरची खूण आहे, आत संरक्षणच कमी झालेलं असतं, आणि औषध थांबवल्यावरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. साध्या अँटिबायोटिकने मात्र गोळी निकामी होत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर वेगळं: गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी, आणि जोराचे जुलाब दिवसभराहून जास्त चालले तर ते दिवस गोळी चुकल्याचे धरावेत. सिगारेट ओढणाऱ्यांनाही डाग जास्त पडतात.

वर्षानुवर्षं काही त्रास नव्हता आणि अचानक डाग सुरू झाले, किंवा संबंधानंतर रक्त दिसतं, तर दोष गोळीवर ढकलू नका. दिवस राहिले आहेत का, क्लॅमिडियासारखा संसर्ग आहे का, गर्भाशयमुखाला काही झालंय का, हे तपासून घ्यावं लागतं. गोळीकडे बोट दाखवून हीच तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते, म्हणून कळकळीने सांगते.

हे सगळं तपासून झाल्यावर मगच औषध बदलायचं. २० मायक्रोग्रॅमची गोळी असेल तर ३० किंवा ३५ वर गेल्याने डाग थांबू शकतात, कारण कमी इस्ट्रोजेनमध्ये डाग जास्त पडतात. मूळ ३० असेल तर डॉक्टर वेगळं प्रोजेस्टोजेन देऊन पाहतात. अमुक प्रोजेस्टोजेनने हमखास थांबेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. ज्या सुट्टी न घेता सलग गोळ्या घेतात त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे: किमान २१ दिवस सलग झाले असतील आणि डाग थांबत नसतील तर ३-४ दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करायची, पण महिन्यातून एकदाच.

गोळी विसरली तर

संयुक्त गोळी एखादीच चुकली, म्हणजे ठरल्या वेळेपासून ४८ तास उलटलेले नाहीत, तर आठवेल तेव्हा घ्या आणि पुढची तिच्या वेळेवर. एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. ४८ तास उलटले, म्हणजे दोन किंवा जास्त चुकल्या, तर शेवटची चुकलेली एक घ्यायची, बाकीच्या सोडायच्या, पुढे रोज एक, आणि सलग ७ गोळ्या होईपर्यंत कंडोम. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर सुट्टी किंवा बिनऔषधाच्या गोळ्या टाळून थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि संबंध आले असतील तर तातडीच्या, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या गोळीबद्दल लगेच विचारा.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही: नवं पाकीट उशिरा सुरू करणं. सात दिवसांच्या सुट्टीत बीजकोश आधीच जागे व्हायला लागलेले असतात. त्यात आणखी दोन दिवस वाढले की बीज बाहेर पडायला वाव मिळतो. म्हणून नवं पाकीट जुनं संपायच्या आधी घरात हवं. अचूक घेतली तर वर्षभरात शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्ष वापरात मात्र सुमारे सात जणींना राहतात, आणि हा फरक बहुतांशी अशा चुकांचाच.

मिनी पिलचे नियम वेगळे

इथे माझ्या हातून चूक झाली ती सांगते. जाऊबाई बाळाला पाजत होत्या, त्यांना डॉक्टरांनी डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी दिली होती. त्यांनी विचारलं, ‘गं, मध्ये सात दिवस सोडायचे ना?’ आणि मी माझ्या सवयीने ‘हो’ म्हटलं. डेसोजेस्ट्रेलच्या पाकिटातल्या २८ च्या २८ गोळ्या औषधाच्या असतात. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं, सुट्टी नाहीच. त्यांच्या नशिबाने काही झालं नाही, पण तो आठवडा आम्हा दोघींनाही जड गेला. तेव्हापासून दुसरीला काही सांगायच्या आधी मी पाकीट मागते.

प्रसूतीनंतर पाजणाऱ्या आईला पहिले सहा आठवडे संयुक्त गोळी देत नाहीत, मिनी पिल चालते. ज्यांना इस्ट्रोजेन वर्ज्य आहे त्यांनाही हीच. पण वेळेचं बंधन कडक. नॉरएथिस्टेरॉनच्या मिनी पिलला ३ तासांचीच सवलत, डेसोजेस्ट्रेलला १२ तासांची, ड्रोस्पिरेनोनच्या ४ मिलिग्रॅमच्या मिनी पिलला २४ तासांची. या शेवटच्या पाकिटात २४ औषधाच्या आणि ४ साध्या गोळ्या असतात. नॉरएथिस्टेरॉन किंवा डेसोजेस्ट्रेलला सवलतीपेक्षा उशीर झाला तर गोळी घेऊन पुढचे दोन दिवस कंडोम वापरायचा असा सर्वसाधारण नियम. काही कंपन्यांच्या कागदावर सात दिवस लिहिलेले असतात, तिथे सातच धरा.

आणि मिनी पिलवर पाळी अनियमित होणं हा बिघाड नाही, तिचा स्वभावच तसा आहे. कुणाची पाळी बंद होते, कुणाची नेहमीसारखी राहते, कुणाला मधूनमधून डाग पडत राहतात. वेळेवर येणारी पाळी ज्यांना मनःशांतीसाठी हवी असते त्यांनी सुरू करायच्या आधीच हे ऐकलेलं बरं.

हार्मोन नसलेली ऑर्मेलॉक्सिफेनची गोळीही आहे. ती ३० मिलिग्रॅमची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. तिचा मुख्य त्रास पाळी लांबण्याचा.

मळमळ, डोकं, पुरळ, वजन

मळमळ, छाती जड आणि दुखरी होणं, पोट फुगणं हे इस्ट्रोजेनकडे बोट दाखवतं. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ बरीच कमी होते. दोन-तीन महिन्यांत गेली नाही तर २० मायक्रोग्रॅमचा पर्याय विचारा. गालांवर वांग आले तर उन्हापासून जपा, आणि वाढत असतील तर इस्ट्रोजेन नसलेल्या पर्यायाबद्दल बोला.

डोकेदुखीची तारीख लिहून ठेवणं फार उपयोगी. फक्त सुट्टीच्या आठवड्यात डोकं दुखत असेल तर इस्ट्रोजेन एकदम खाली आल्यामुळे दुखतं. मग डॉक्टर सुट्टी चार दिवसांची करतात किंवा पाकिटं सलग घ्यायला सांगतात. सुट्टी न घेतल्याने अपाय होत नाही, आत रक्त साठूनही राहत नाही. पण डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येत असतील, नजरेचा एक भाग जात असेल, हाताला किंवा ओठाला मुंग्या चढत असतील तर तो ऑरा असलेला मायग्रेन. त्यात संयुक्त गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. ही गोळी मात्रा कमी करून चालवायची नसते, डॉक्टरांना सांगून बंद करायची असते.

पुरळ बहुतेक जणींची संयुक्त गोळीने कमीच होते, वाढली तर लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा मिनी पिलवर. वजनाची भीती सगळ्यात मोठी, पण संयुक्त गोळीने वजन फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अंगात पाणी धरल्याने काटा थोडा हलतो, तो पुष्कळदा परत येतो.

मनाचं मात्र हलक्यात घेऊ नका. काही जणींना गोळीवर उदास, चिडचिडं, रडू येण्यासारखं वाटतं, संबंधांची इच्छा कमी होते. आजूबाजूचे ‘मनाचे खेळ’ म्हणतील, तरी तुम्हाला जाणवतंय ते सांगा. जीव नकोसा वाटणारे विचार येत असतील तर तीन महिने थांबण्याचा नियम इथे लागू नाही, आजच डॉक्टरांशी आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाशी बोला.

रक्ताची गाठ

पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका संयुक्त गोळीने वाढतो, आणि प्रोजेस्टोजेनमधला फरक इथे खरा महत्त्वाचा ठरतो. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉनच्या संयुक्त गोळीवर ५ ते ७ जणींना, डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रोस्पिरेनोनच्या संयुक्त गोळीवर ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहून जास्त असतो, त्यामुळे आकडे वाचून घाबरून एकदम गोळी सोडू नका. पण ‘नवी गोळी म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज इथे खोटा ठरतो. धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, आणि चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वर जातो. म्हणून ‘महिनाभर बंद ठेवून शरीराला आराम देऊ, मग दुसरी बघू’ ही सवय फायद्याची नाही.

एकाच पोटरीला दुखून सूज, छातीत दुखणं, दम लागणं, खोकल्यातून रक्त, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, अचानक कमी दिसणं, बोलताना अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, पोटात असह्य दुखणं: यातलं काहीही झालं तर उद्यावर न ढकलता तातडीच्या विभागात जा आणि गोळी चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट, ब्लड प्रेशर १४०/९० किंवा जास्त, पूर्वी स्वतःला गाठ झालेली असणं, स्तनाचा कर्करोग, यांत संयुक्त गोळी नको. लांबलचक विश्रांती लागणारी मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण चार आठवडे आधी बदलाचं बोलून घ्या.

या गोळ्यांना रोजची गर्भनिरोधक गोळी समजू नका

पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. नाव मिनी पिलसारखंच, म्हणून घोटाळा होतो. ढकलायला घेतलेल्या त्या चार दिवसांत ती संरक्षण देते असं धरून चालायचं नाही. संयुक्त गोळी चालू असेल तर पाळी पुढे न्यायला वेगळी गोळी लागतच नाही, सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू केलं की झालं.

संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची तातडीची गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, अडीअडचणीसाठी. जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टाल ३० मिलिग्रॅम १२० तासांपर्यंत चालते. नंतरची पाळी काही दिवस मागेपुढे होते, आठवड्याहून जास्त लांबली तर चाचणी करा. दर महिन्याला हीच घेत असाल तर तुमची पाळी का बिघडली याचं उत्तर बहुधा तिथेच आहे, आणि रोजच्या गोळीइतकं संरक्षणही त्यात नाही.

बदलायचीच असेल तर

एका संयुक्त गोळीवरून दुसरीवर जाताना जुन्या पाकिटातली शेवटची औषधाची गोळी झाली की दुसऱ्या दिवशी नवी, मध्ये खंड नको. संयुक्तवरून मिनी पिलवर जातानाही तसंच. मिनी पिलवरून संयुक्तवर येताना थेट सुरू करा आणि पहिले ७ दिवस कंडोम ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी पाकिटं घेऊन जा, आधीची टाकली असतील तर नाव आणि मात्रा लिहून. डाग कोणत्या तारखांना पडले, गोळी कितीला घेतली, आणखी कोणती औषधं चालू आहेत, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का, मायग्रेन आहे का. आणि नवीन गोळी हातात आली की तिथेच, बाहेर पडायच्या आधी, मागची बाजू वाचून जुन्या पाकिटाशी ताडून बघा. औषध तेच असेल तर लगेच विचारा, ‘यात बदललं काय?’